मऊ जेलवर पेशी: पहिल्या बॅचपासून पेशीची ओढ मोजण्यापर्यंत

पेशी वाढवायची पॉलिस्टायरीनची (कडक प्लास्टिकची) डिश साधारण ३ गिगापास्कल, म्हणजे ३० लाख किलोपास्कल, कडक असते. स्नायूची ऊती १० किलोपास्कलच्या आसपास, मेंदूची १ च्याही खाली. म्हणजे स्नायूतली पेशी डिशमध्ये टाकली की तिच्या घरापेक्षा तीन लाख पट कडक फरशीवर आपण तिला बसवतो, आणि मग ती कशी वागते याची निरीक्षणं लिहितो. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा जेल. रॉबर्ट पेलहॅम आणि यू-ली वांग यांनी १९९७ मध्ये तो पेशींसाठी वापरून दाखवला. २००६ मध्ये अ‍ॅडम एंगलर आणि सहकाऱ्यांनी याच जेलवर दाखवलं की मूलपेशी कोणत्या वाटेला जाणार, यात खालच्या पृष्ठभागाच्या कडकपणाचाही हात असतो. त्या सहकाऱ्यांपैकी शमिक सेन पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले.

प्रोटीन वेगळी करायला असेच जेल चालवणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये यातलं निम्मं सामान आधीच असतं. तरी नवख्यांचे पहिले दोन-तीन आठवडे वाया जातात. पेशींमुळे नाही, काचेमुळे आणि एका आकड्यामुळे. काच नीट तयार केलेली नसते, आणि कडकपणाचा आकडा स्वतः न मोजता छापील तक्त्यातून उचललेला असतो. म्हणून खाली या दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवला आहे.

आधी हे जमवा

रसायनं: ४० टक्के अ‍ॅक्रिलामाइड, २ टक्के बिस-अ‍ॅक्रिलामाइड, अमोनियम परसल्फेट (पुढे एपीएस) आणि टेमेड (या दोघांमुळे मिश्रणाचा जेल होतो), एप्टेस (काचेला बांधलं जाणारं सिलेन), ग्लुटराल्डिहाइड, सल्फो-सॅनपाह (जेलला प्रोटीन जोडणारा दुवा), कोलॅजन-१ किंवा फायब्रोनेक्टिन (पेशी ज्यांना धरतात ती प्रोटीन), पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर), ५० मिलिमोलर हेपिस बफर (पीएच ८.५).

वस्तू: १२ मिमीच्या गोल कव्हरस्लिप, साध्या स्लाइड, हिऱ्याच्या टोकाची पेन्सिल, बारीक चिमटा, २२ गेजची सुई, डेसिकेटर, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा. पेशी म्हणून एनआयएच-३टी३ फायब्रोब्लास्ट (उंदराच्या संयोजी ऊतीतल्या पेशी) घ्या. पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशी-भांडारातून त्या मिळतात. पेशी जेलला किती जोराने ओढते, म्हणजे तिची ओढ, मोजायची असेल तर ०.२ मायक्रोमीटरचे लाल फ्लुरोसंट मणी आणि काचेच्या तळाच्या डिशही लागतील.

सामानातच दोन चकवे आहेत. प्रोटीन जेलसाठी फ्रिजमध्ये असलेली बाटली बहुधा २९:१ किंवा ३७.५:१ अशी आधीच मिसळलेली असते. ती इथे चालत नाही, कारण बिसचं, म्हणजे जेलच्या साखळ्या एकमेकींना जोडणाऱ्या रसायनाचं, प्रमाण आपल्याला वेगळं बदलायचं असतं. दुसरं, पैसे वाचवायला अ‍ॅक्रिलामाइडची पावडर आणू नका. जेल होण्याआधीचं अ‍ॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे आणि पावडर उडते. तयार द्रावण घ्या आणि नायट्राइलचे हातमोजे घाला.

१. काच तयार करणे

कव्हरस्लिपवर जेल रासायनिक बंधाने धरला पाहिजे. नुसता चिकटलेला जेल माध्यमात (पेशींच्या पोषक द्रवात) ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी तरंगताना दिसतो.

कव्हरस्लिप इथेनॉलने पुसून वाळवा. वरच्या बाजूवर ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब पसरा आणि ८० अंशांवर सुकवा. पांढरट पातळ थर दिसेल, तो तसाच राहू द्या. आता फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) त्यावर एप्टेसचे थेंब टाकून पाच मिनिटं ठेवा. मग डिस्टिल्ड पाण्यात धुवा: दहा-दहा मिनिटं, तीन वेळा, दर वेळी नवं पाणी. त्यानंतर पीबीएसमधलं ०.५ टक्के ग्लुटराल्डिहाइड अर्धा तास. पुन्हा तीन वेळा धुवा आणि वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवा. तिथे त्या काही आठवडे टिकतात.

मधलं धुणं कंटाळवाणं असतं, आणि तिथेच हात आखडतो. काचेवर एप्टेस उरलं आणि त्यावर ग्लुटराल्डिहाइड पडलं की दोघांची प्रक्रिया होऊन तपकिरी-नारिंगी साका बसतो. तो स्वतःच चमकतो, त्यामुळे पुढे फ्लुरोसंट चित्रांत सगळीकडे धुकं दिसतं. काच रंगीत दिसली तर टाकून द्या, ती काच पुढे कामाची नाही.

दुसरी चूक म्हणजे काच उलटी होणे. १२ मिमीची पारदर्शक चकती चिमट्यातून एकदा पडली की कोणती बाजू तयार केलेली, हे कुणालाच सांगता येत नाही. सुरुवातीलाच हिऱ्याच्या पेन्सिलने कडेला बारीक ‘र’ कोरा. ‘र’ सरळ वाचता आला तर बाजू बरोबर, आरशातला दिसला तर उलटी. ‘ठ’ किंवा नुसती रेघ कोरू नका, त्या दोन्ही बाजूंनी जवळपास सारख्याच दिसतात.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हे काम करत असाल तर एप्टेसची बाटली फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडू नका. थंड बाटलीत दमट हवा शिरते, पाणी धरतं आणि सिलेन बाटलीतच खराब होतं. अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, मग झाकण काढा.

२. सुटणारी काच

जेल दोन काचांच्या मध्ये ओततात, त्यामुळे दुसरी काच, म्हणजे साधी स्लाइड, सहज सुटली पाहिजे. डायक्लोरोडायमिथिलसिलेनने स्लाइड पाणी झटकणारी करता येते, पण ते हूडमध्येच वापरा, ओलाव्याशी गाठ पडली की हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. गाडीच्या काचेवर लावतात ते रेन-एक्सही अनेक लॅबमध्ये चालतं. काहीही लावा, नंतर कोरड्या टिश्यूने घासून जादाचं पुसा. उरलेला थर जेलवर उतरतो आणि तेवढ्या जागी पेशी बसत नाहीत. पेशींमध्ये मोकळे गोल ठिपके दिसले तर आधी इथे शंका घ्या.

३. मिश्रण

१ मिलिलिटर मिश्रणासाठी ही चार प्रमाणं पुरतात. क्रम असा: ४० टक्के अ‍ॅक्रिलामाइड, २ टक्के बिस, पीबीएस, सगळे मायक्रोलिटरमध्ये.

- सुमारे १ किलोपास्कल: ७५, ५०, ८६५
- सुमारे ४.५ किलोपास्कल: १२५, ७५, ७९०
- सुमारे १० किलोपास्कल: २५०, ५०, ६९०
- सुमारे ३५ किलोपास्कल: २५०, १५०, ५९०

प्रत्येकात शेवटी १० टक्के एपीएस १० मायक्रोलिटर आणि टेमेड १ मायक्रोलिटर. ‘सुमारे’ हा शब्द इथे मनापासून लिहिला आहे. हे आकडे सुरुवातीला हाताशी असावेत एवढ्यासाठीच आहेत. तुमच्या जेलचा कडकपणा पाचव्या पायरीत तुम्ही स्वतः मोजायचा आहे.

एपीएस आणि टेमेड घालण्याआधी मिश्रण डेसिकेटरमध्ये व्हॅक्यूमखाली १५-२० मिनिटं ठेवा. विरघळलेला ऑक्सिजन जेल होण्याची प्रक्रिया अडवतो. हे टाळलं तरी जेल होतो, पण कधी वीस मिनिटांत, कधी तासाभरात, आणि दोन बॅच एकसारख्या निघत नाहीत.

सगळ्यात जास्त त्रास एपीएस देतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि हळूहळू निकामी होतं. ट्यूबमध्ये थोडी पावडर घेऊन त्यावर पाणी घाला आणि ट्यूब कानाजवळ धरा. चांगलं एपीएस बारीक तडतडतं. आवाज आला नाही तर नवी बाटली काढा. तयार केलेलं १० टक्के द्रावण छोट्या भागांत उणे २० अंशांवर ठेवा, वितळवलेलं पुन्हा गोठवू नका.

४. ओतणे आणि सोडवणे

टेमेड घातल्यावर हलकेच दोन-तीनदा पिपेटने वर-खाली करा. व्होर्टेक्स नको, त्याने हवा पुन्हा आत जाते. पाणी झटकणाऱ्या स्लाइडवर १० मायक्रोलिटरचा थेंब ठेवा आणि कव्हरस्लिप तयार बाजू खाली करून एका कडेने टेकवत सोडा. १२ मिमीच्या चकतीखाली १० मायक्रोलिटर म्हणजे जवळपास ९० मायक्रोमीटर जाडी.

‘कमी रसायनात भागेल’ म्हणून ही जाडी कमी करू नका. जेल काही मायक्रोमीटरपर्यंत पातळ झाला की पेशीला खालची काच जाणवते आणि १ किलोपास्कलच्या जेलवरही ती कडक पृष्ठभागावर असल्यासारखी पसरते. ५० मायक्रोमीटरच्या खाली जायचं कारण नाही.

ट्यूबमध्ये उरलेलं मिश्रण फेकू नका. ते घट्ट झालं की काचेखालचंही झालं. साधारण अर्धा तास, १ किलोपास्कलच्या मिश्रणाला पाऊण तास. काचेच्या कडेला जेल किंचित आत सरकलेली रेषा दिसते, तीही खूण आहे. रात्रभर कोरडं ठेवू नका, जेल सुकतो आणि काच सोडवताना फाटतो.

सोडवण्याआधी स्लाइड पीबीएसमध्ये बुडवून दहा मिनिटं थांबा. २२ गेजच्या सुईचं टोक ट्यूबच्या भिंतीवर दाबून थोडं वाकवा, ते कव्हरस्लिपच्या कडेखाली सरकवा आणि पाण्यातच हळूच वर उचला. सरळ वर ओढलं तर मऊ जेलवर सुरकुत्या पडतात. पृष्ठभागाखाली हवा अडकल्यासारखा ‘फट्’ असा झटका बसला तर जेलचा तुकडा स्लाइडवर राहिला असं धरा, आणि ती चकती मोजणीत घेऊ नका.

पीबीएसने तीनदा धुवून रात्रभर ४ अंशांवर ठेवा. जेल फुगून स्थिर होतो आणि न जोडलेलं अ‍ॅक्रिलामाइड बाहेर पडतं. ते आत राहिलं तर दुसऱ्या दिवशी पेशी मरतात आणि दोष कडकपणाला लागतो.

५. कडकपणा मोजा

उत्तम साधन अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप. ५ मायक्रोमीटर व्यासाचं गोल टोक, ०.०१ ते ०.१ न्यूटन प्रति मीटरचा कँटिलिव्हर (टोक धरणारी लवचिक पट्टी), जेल द्रवात बुडालेला, अर्धा ते एक मायक्रोमीटर दाब, हर्ट्झ प्रारूपाने (दाब आणि खचण्यावरून कडकपणा काढायच्या सूत्राने) गणित. अणकुचीदार टोक मऊ जेलमध्ये घुसतं आणि आकडा बिघडतो. किमान तीन जेल, प्रत्येकावर दहा जागा. यंत्र आपल्याकडे नसेल तर सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या सार्वजनिक संस्थांमधली यंत्रं शोधून वेळ मागता येते.

ऱ्हिओमीटर (जेल पिळून त्याचा विरोध मोजणारं यंत्र) वापरत असाल तर तो देतो तो आकडा घसरणीच्या कडकपणाचा, म्हणजे ‘जी’. लेखांत बहुधा यंगचा गुणांक, म्हणजे ‘ई’ असतो. पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जवळजवळ दाबला जात नसल्याने ई हा जीच्या सुमारे तिप्पट. हा तिप्पटीचा घोळ छापील लेखांतही सापडतो. कुठलाही तक्ता वापरण्याआधी त्यात नेमकं काय मोजलं आहे ते पाहा.

दोन्ही यंत्रं नसतील तर पोलादी छर्‍याची युक्ती आहे. अर्धा मिलिमीटर व्यासाचा छर्रा पाण्याखाली जेलवर ठेवा आणि तो किती खचला हे सूक्ष्मदर्शकाच्या फोकसने मोजा. जेलमध्ये मणी असतील तर हे सोपं जातं. छर्‍याखालच्या मण्यांवर फोकस करा, छर्रा चुंबकाने काढा, त्याच मण्यांवर पुन्हा फोकस करा आणि दोन्हींतला फरक घ्या.

गणित असं: ई = ०.५६ × छर्‍याचं पाण्यातलं वजन ÷ (त्रिज्येचं वर्गमूळ × खोलीचा दीड घात). अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी छर्‍याचं पाण्यातलं वजन सुमारे ४.४ मायक्रोन्यूटन भरतं. १ किलोपास्कलच्या जेलमध्ये तो २९ मायक्रोमीटरच्या आसपास खचला पाहिजे, १० च्या जेलमध्ये सहाच्या आसपास. ३५ च्या जेलमध्ये तीन मायक्रोमीटरही नाही, म्हणजे फोकसच्या चुकीतच तो हरवतो. तिथे ही युक्ती सोडून द्या.

आणि इथे ९० मायक्रोमीटरचा जेल घेऊ नका. १ किलोपास्कलवर छर्‍याची जेलला टेकलेली चकतीच जवळपास १७० मायक्रोमीटर रुंद असते, त्यामुळे खालची काच उत्तर फुगवते. त्याच मिश्रणातून एक-दोन मिलिमीटर जाडीचा वेगळा जेल ओता आणि तोही रात्रभर फुगू द्या.

६. प्रोटीन जोडणे

पॉलिअ‍ॅक्रिलामाइडला पेशी स्वतःहून चिकटत नाही. हाच त्याचा गुण आहे, पण त्यामुळे वर प्रोटीन बांधावं लागतं.

सल्फो-सॅनपाह महाग आणि नाजूक आहे. कोरड्या डीएमएसओमध्ये विरघळवून छोट्या भागांत उणे ८० अंशांवर ठेवा. वापरताना हेपिस बफरमध्ये ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर करा आणि लगेच जेलवर घाला, कारण पाण्यात त्याचं एक टोक मिनिटामिनिटाला निकामी होत जातं. ट्रिस बफर अजिबात नको, त्यातलं अमाइनच सगळं खाऊन टाकतं. ३६५ नॅनोमीटरचा दिवा सात-आठ सेंटिमीटरवर धरून दहा मिनिटं. नारिंगी-लाल रंग तपकिरीकडे झुकला पाहिजे. झुकला नाही तर दिवा तपासा.

पेशींच्या हूडमधला जंतुनाशक दिवा २५४ नॅनोमीटरचा असतो. ‘यूव्ही तो यूव्ही’ असं नाही, या कामाला तो चुकीचा आहे.

हेपिसने दोनदा झटपट धुवून लगेच प्रोटीन घाला: कोलॅजन-१ असेल तर ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, रात्रभर ४ अंशांवर. कोलॅजन पीबीएसमध्ये मिसळून बाकावर विसरलात तर त्याचे धागे बनतात. मग पेशी जेलला नव्हे, त्या धाग्यांना धरते, आणि तुमचे चारही कडकपणे एकसारखे वागू लागतात. फायब्रोनेक्टिन जोराने हलवू नका, त्याच्या गुठळ्या होतात.

एका बॅचमधल्या प्रत्येक कडकपणाची एक चकती अँटिबॉडीने रंगवून प्रोटीन सगळीकडे सारखं बसलं आहे का ते बघा. हे न करता ‘कडकपणाचा परिणाम’ म्हणता येत नाही, तो प्रोटीनच्या प्रमाणाचाही असू शकतो.

७. पेशी

निर्जंतुक करायला जेल पीबीएसमध्ये बुडवून हूडचा दिवा वीस मिनिटं. (इथे तो दिवा बरोबर आहे.) मग माध्यमात ३७ अंशांवर तासभर. चौरस सेंटिमीटरला २००० ते ५००० पेशी टाका, जास्त नकोत. पेशी एकमेकींना टेकल्या की त्या शेजारणीला ओढतात आणि जेलचा फरक पुसट होतो.

१६ ते २४ तासांनी १ किलोपास्कलवर पेशी लहान आणि गोलसर, ३५ वर पसरलेल्या, आतून ताणतंतू ओढलेल्या दिसायला हव्यात. याप हे कडकपणानुसार जागा बदलणारं प्रोटीन रंगवलं तर कडक जेलवर ते केंद्रकात जास्त, मऊवर पेशीभर पसरलेलं. फरकच दिसत नसेल तर शंकेचा क्रम असा: जाडी, कोलॅजनचे धागे, पेशींची गर्दी.

साध्या काचेचा कंट्रोल जपून वापरा. माध्यमातल्या सीरममध्ये फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन असतात. ते काचेवर बसतात, जेलवर फारसे नाही. त्यामुळे काच आणि जेल यांत कडकपणाबरोबर प्रोटीनही बदलतं. कडक टोकाला ३५ किलोपास्कलचा जेलच घ्या.

८. ओढ मोजणे

तत्त्व सरळ आहे: पेशी जेल ओढते, जेलमधले मणी सरकतात, पेशी काढली की ते जागेवर परततात. सरकण्यावरून बल काढायचं.

जेल ४.५ किलोपास्कलचा निवडा. ३५ वर मणी इतके कमी सरकतात की कॅमेऱ्याला दिसत नाहीत. मण्यांचं द्रावण सोनिकेटरमध्ये पाच मिनिटं ठेवून मिश्रणात १:१०० मिसळा. या वेळी जेल काचेच्या तळाच्या डिशमध्ये ओता. तळाच्या काचेलाच पहिल्या पायरीची प्रक्रिया करायची आणि वरून पाणी झटकणारी कव्हरस्लिप ठेवायची. प्लास्टिकच्या वेलप्लेटमध्ये चकती ठेवून खालून बघाल तर प्लास्टिक, काच आणि जेल ओलांडून लेन्स पोहोचतच नाही. तेलाच्या ६० किंवा १०० पटीच्या बहुतेक लेन्सचंही तसंच, त्यांचा पल्ला काच संपताच संपत येतो. ४० पटीची पाण्याची लेन्स किंवा लांब पल्ल्याची हवेतली २० पटीची लेन्स घ्या.

डिश यंत्रावर ठेवून तापमान स्थिर होईपर्यंत किमान अर्धा तास थांबा. एकट्या पडलेल्या पेशीचं चित्र घ्या, मग जेलच्या सगळ्यात वरच्या थरातल्या मण्यांचं. आता डिशला धक्का न लावता माध्यम काढून ट्रिप्सिन घाला. झाकण काढतानाच डिश सरकते, म्हणून प्रयोग सुरू होण्याआधीच झाकणाला भोक पाडून त्यातून बारीक नळी सोडून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत पेशी सुटली की पुन्हा मण्यांवर फोकस करून दुसरं चित्र.

विश्लेषण इमेजजे या चित्र-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं: दोन चित्रं एकमेकांवर बसवा, त्यातल्या पीआयव्ही या प्लगइनने मण्यांचं सरकणं काढा, एफटीटीसी या प्लगइनने बल. पॉयसनचं गुणोत्तर ०.५ आणि कडकपणा पाचव्या पायरीत मोजलेला भरा. यंगचा गुणांक दुप्पट चुकला तर बलही दुप्पट चुकतं, इथे सवलत नाही.

निकाल मानण्याआधी दोन गोष्टी बघा. पेशीपासून दूर, मोकळ्या जागी मणी जवळजवळ हललेले नसावेत. तिथेही सरकणं दाखवणारे सगळे बाण एकाच दिशेला असतील तर ती डिश सरकली आहे, पेशीची ओढ नाही. दुसरं, एकट्या पेशीच्या सगळ्या बलांची बेरीज शून्याजवळ यायला हवी, कारण ती चारी बाजूंनी आतच ओढत असते. बाण कडेला मोठे आणि मध्याकडे वळलेले दिसले तर चित्र पटण्यासारखं आहे.

शेवटचं काम सिंकशी. उरलेलं अ‍ॅक्रिलामाइड द्रवरूपात ओतून देऊ नका. त्यात एपीएस आणि टेमेड घालून घट्ट होऊ द्या आणि मग रासायनिक कचऱ्याच्या डब्यात टाका. ग्लुटराल्डिहाइडची बाटली वेगळी.